माझ्या पंपाला जुगाड म्हणू नका

दोन वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावाला शेतीचं प्रदर्शन भरलं होतं. ट्रॅक्टर, ठिबक, खतं, बियाणं यांचे मोठमोठे मांडव संपले की चहाच्या गाड्यांजवळ एक लहानसा मांडव होता. वर पाटी होती, ‘ग्रामीण जुगाड’. त्यात मला बसवलं होतं. एका अंगाला मोटारसायकलला कोळपं जोडलेला पोरगा, दुसऱ्या अंगाला सायकलच्या चाकाची टोकणी केलेला एक म्हातारा आणि मधी मी, माझा हवा काढायचा पंप आणि लाकडाच्या मुठींची पाटी घेऊन.

उद्घाटनाचे पाहुणे आले. शाल घातली, नारळ दिला. पंपाकडं बोट करून म्हणाले, “वा काका, जबरदस्त जुगाड!” आणि फोटो काढून पुढं गेले. तीन दिवसांत शेकडो लोक आले. बहुतेक सगळे हसून, मान डोलवून, ‘जुगाड’ म्हणून गेले. हे काय करतं, कसं करतं, कुठं फसतं, असं विचारणारी माणसं तीन. त्यातला एक फ्रीज दुरुस्त करणारा, एक सुतार आणि एक आठवीतली पोरगी.

शाल मी घरी आणली, पेटीत ठेवली. पण तो शब्द डोक्यातनं जाईना. आता लिहूनच टाकतो.

जुगाड म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको. मी आयुष्यभर केलेत. फ्यूज उडाला तर वायरीची जाड तार घातली. मोटारीच्या ग्लँडमधनं पाणी यायला लागलं तर दोरीच्या जागी कापडाची चिंधी ठोकली. स्टार्टरचं बटण चिटकून राहीना तर त्यात आगपेटीची काडी खोचली. तारेवर आकडा टाकणारेही गावात आहेत, मी नाव घेत नाही. हे सगळे जुगाड. वेळ मारून न्यायची, पुढचं पुढं बघू. त्या जाड तारेनं माझी मोटार जळाली आणि वायंडिंगला पैसे गेले, ते कुणी कौतुकानं सांगत नाही. जुगाड करणाऱ्याला आपण काय करतोय हे माहीत असायची गरज नसते. चाललं की झालं. म्हणून माझा राग आहे. माझा पंप चालतो ते ठीक, पण तो का चालतो हे मला माहीत आहे, आणि जेव्हा चालला नाही तेव्हा का चालला नाही हेही मी शोधून काढलंय. एवढा फरक त्या पाटीनं पुसून टाकला.

आता मुळापासनं सांगतो.

आमच्या विहिरीवर वडलांनी लावलेला गावठी आंबा होता. एका उन्हाळ्यात वाळला. तोडायला दीड वर्ष उशीर झाला, कारण माझाच हात होईना. तोवर खोडात भुंगा शिरला, आतलं लाकूड भुसभुशीत झालं. लाकूडवाला आला, नखानं टोकरून बघितलं आणि म्हणाला, “जळणाचा भाव देतो.” कापल्यावर आत बघतो तर काळ्या रेघांची नक्षी उठलेली, कुणी शाईनं काढावी तशी. बुरशीनं लाकूड खाताना अशा रेघा उमटतात. दिसायला देखणं, पण बोटानं दाबलं तर चेपायचं.

दुसरं कारण खुरप्याच्या मुठीचं. बायका दिवसभर खुरप्यावर बसतात. पूर्वी मूठ बाभळीच्या तांबड्या गाभ्याची असायची. आता बाजारात मिळणारं खुरपं घ्या, मूठ कसल्यातरी पांढऱ्या हलक्या लाकडाची असते, वर रंग दिलेला. उन्हाळ्यात वाळून आक्रसते आणि पातं हलायला लागतं. पावसात भिजून फुगते आणि तडकते. त्या तडीत हाताचं कातडं सापडतं. आमच्या मंडळींच्या तळव्याला अशी जखम झाली, ती चिघळली आणि ऐन भांगलणीत त्या पंधरा दिवस घरी बसल्या. मी विचार केला, ह्या हलक्या लाकडाच्या आत काही भरता आलं, म्हणजे पाण्याला आत जागाच उरली नाही, तर ते फुगणारही नाही आणि आक्रसणारही नाही.

लाकडाच्या आत बारीक नळ्या असतात. वाळल्यावर त्यात हवा असते. लाकूड नुसतं तेलात बुडवून ठेवलं तर कडेकडेला भिजतं, आतली हवा वाट देत नाही. मग आधी हवा काढली पाहिजे.

हवा काढायची हे ऐकायला अवघड वाटतं, पण विहिरीवर मोटार असलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला ते अर्धं माहीत असतं. मोटार पाणी ओढत नाही. ती पाइपातली हवा कमी करते आणि बाहेरची हवा विहिरीतल्या पाण्याला खालनं वर ढकलते. म्हणून तर पाणी खाली गेलं की मोटार विहिरीत खाली उतरवावी लागते. आमचं गाव समुद्रापासनं साधारण १८०० फूट उंच आहे. इथली हवा कागदावर फार तर ३२ फुटांपर्यंत पाणी ढकलते, प्रत्यक्षात २०-२२ फुटांच्या पुढं मोटार हवा धरते. पाइपाच्या बुडाला फुटबॉल असतो, तो पाणी वर येऊ देतो, खाली जाऊ देत नाही. हे सगळं अंगात मुरलेलं होतं, फक्त ते लाकडाला लावायचं होतं.

सुरुवात सायकलच्या हवा भरायच्या पंपानं केली. त्याच्या दट्ट्याला चामड्याचा वाटीसारखा वायसर असतो. वाटीचं तोंड खाली असतं. दट्टा दाबला की वाटीची कड फाकते, नळीला घट्ट बसते आणि हवा पुढं ढकलते. वर ओढताना कड सैल होते आणि कडेनं नवी हवा आत येते. मी वायसर काढून उलटा बसवला, वाटीचं तोंड वर. आता ओढताना तो घट्ट बसतो, दाबताना हवा सोडतो. हवा भरायचा पंप हवा काढायचा झाला. पण दाबताना थोडी हवा नळीतनं परत भांड्यात जायची. तिथं फुटबॉल पाहिजे. पंपाच्या बुडाची झडप उलट्या तोंडाची असते, ती काढून टाकली आणि नळीत सायकलच्या ट्यूबची जुन्या पद्धतीची वॉलट्यूब घातली, तिची बाहेरची बाजू भांड्याकडं.

हे चाललं, पण काटा १५ च्या पुढं जाईना. दोन दिवस मी सांधे तपासत बसलो. सांधे चांगलेच होते. दोष वॉलट्यूबचा होता. तिच्यावरचं रबर घट्ट ताणलेलं असतं, ते उचलायलाच जोर लागतो. भांड्यातली हवा पातळ झाली की तिच्यात तेवढा जोर राहत नाही. मग पितळेच्या चकतीला भोक पाडून त्यावर सायकलच्या ट्यूबचा पातळ तुकडा एका कडेनं चिकटवला, नुसता झाकण टाकल्यासारखा. काटा २२ वर गेला. वायसर एरंडेलात रात्रभर भिजवला तर आणखी थोडा सुधारला. ज्यांनी कुणी ‘जुगाड’ म्हटलं त्यांना ह्या १५ आणि २२ मधले दोन दिवस दिसले नाहीत.

भांड्याची गोष्ट वेगळीच. घरात खाद्यतेलाचा १५ किलोचा पत्र्याचा डबा होता, मी त्यालाच झाकण झाळून घेतलं. दहा-बारा दट्टे मारले असतील, ढण्णकन आवाज झाला आणि डबा कुणी पाय देऊन बसवावा तसा आत बसला. आतनं कारभारीण ओरडल्या, “काय फोडलंसा?” मी म्हणलं, “म्या न्हाय, हवेनं.” नशीब, काचेची बरणी घेतली नव्हती. काच फुटून डोळ्यात गेली असती. काच कुणी घेऊ नये.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की ज्यानं पहिल्यांदा हवा काढायचा पंप केला, त्याचंही हेच झालं होतं. जर्मनीतल्या माग्देबुर्ग शहराचा ओट्टो फॉन गेरिके. तो शहराचा कारभार बघणारा माणूस होता. १६५० च्या आसपासची गोष्ट. त्यानं आधी लाकडी पिंपात पाणी भरून ते पंपानं काढून बघितलं, तर लाकडाच्या बारीक भोकांतनं हवा आवाज करत आत शिरली. मग तांब्याचा गोळा घेतला, तो मोठा आवाज होऊन आत चेपला. तरी त्यानं सोडलं नाही. पुढं दोन अर्धगोल जोडून आतली हवा काढली आणि दोन्हीकडनं घोडे जुंपून ओढले तरी ते सुटेनात. हा प्रयोग आपल्या शाळेच्या पुस्तकात होता, मीही परीक्षेला लिहिला होता. पण त्याचा आधी एक गोळा बसला होता हे पुस्तकात नव्हतं. असतं तर मी डबा वाया घालवला नसता. आणि लाकडी पिंपातनं हवा कशी शिरली हे त्या वयात कुणी सांगितलं असतं, तर लाकूड भोकाभोकाचं असतं हे पन्नास वर्षं आधी कळलं असतं.

जाड भांडं पाहिजे होतं. आमची एक बोअर कोरडी गेली होती, तिची लोखंडी केसिंग उपसून ठेवलेली. ७ इंची. तिचा दीड फुटाचा तुकडा कापला, बुडाला जाड प्लेट वेल्डिंग केली, वरच्या कडेला सपाट कडं. झाकणाला २० मिलिमीटर जाडीचा अॅक्रिलिकचा तुकडा, म्हणजे आतलं दिसतं, आणि मधी ट्रॅक्टरच्या ट्यूबचं रबर कापून. बोल्ट एकही नाही. लोक विचारतात, झाकण उडत नाही का? ७ इंची झाकणावर बाहेरची हवा जवळजवळ अडीच क्विंटलनं बसलेली असते. पाच पोती धान्य ठेवल्यासारखं. उडेल कसं? पाण्यासाठी घातलेली केसिंग पाण्याच्या कामाला आली नाही, ह्या कामाला आली. बोअरचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

हातानं दट्टे मारून खांदा भरून यायचा. मग भंगारातनं जुन्या फ्रीजचा कॉम्प्रेसर आणला, ६०० रुपयांना. त्याला तीन नळ्या असतात. एक ओढायची, एक सोडायची आणि एक गॅस भरायची, ती बंद असते. ओढायची नळी भांड्याला जोडली. इथं एक सांगतो, चालू फ्रीजची नळी घरी कापू नका. आतला गॅस आधी मेकॅनिककडनं काढून घ्यावा. नव्या फ्रीजमधला गॅस तर पेटणारा असतो. आणि हा कॉम्प्रेसर सारखा चालवता येत नाही. फ्रीजमध्ये परत येणाऱ्या थंड गॅसनं तो निवतो, इथं ती सोय नाही. वीस मिनिटं चालवायचा, हात लावून बघायचा, बंद करायचा. सोडायच्या नळीतनं तेलाचे थेंब उडतात, तेवढं तेल मोजून परत भरायचं.

काटा २६ वर गेला आणि तिथंच थांबला. पुढं काय झालं ते नीट सांगतो, कारण मी काय म्हणतोय ते ह्यातच आहे.

वैशाखातली दुपार होती. शेडमध्ये ४० अंश. आंब्याचे तुकडे औषधात बुडवून, वर दगड ठेवून, हवा काढायला लावली. बुडबुडे यायला लागले. ते यायचेच, लाकडातली हवा निघतेय. तासाभरानं कमी व्हायला पाहिजेत. कमी होईनात. सांजपर्यंत येत राहिले. कुठंतरी गळतंय म्हणून प्रत्येक सांध्याला ग्रीस चोपडलं. काटा तर २६ वरच, हलत नाही. गळत असतं तर काटा खाली आला असता. रात्री नऊला बघितलं तर बुडबुडे आपोआप बंद. मला वाटलं, सुटलं कोडं. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा सुरू. कॉम्प्रेसरचं तेल बघितलं तर दुधासारखं पांढरं झालेलं.

लेकीचा मुलगा सुट्टीला आला होता, बारावीला शास्त्र घेतलेला. त्याला म्हणलं, “बाळा, ह्याला उनाचं काय वावडं आहे?” त्यानं पुस्तक काढलं. हवेचा दाब कमी केला की पाणी कमी उष्णतेवर उकळतं. आम्ही हिशेब मांडला. आमच्या उंचीवर हवेचा दाब पाऱ्याच्या साधारण २८ इंचांएवढा. त्यातले २६ मी काढले. राहिले २ इंच, म्हणजे ५१ मिलिमीटर. तक्त्यात बघितलं, एवढ्या दाबाला पाणी ३९ अंशाच्या आसपास उकळतं. शेडमध्ये ४० अंश. लाकूड ओलं होतं, मला वाळलेलं वाटलं तरी. आतलं पाणी उकळत होतं, बिनचुलीचं.

पण पुस्तकात आहे म्हणून खरं मानलं नाही. लाकूड, औषध सगळं काढलं. भांड्यात नुसती एक वाटी साधं पाणी ठेवलं आणि हवा काढली. दुपारी दोनला ते रटरटा उकळलं. झाकण काढून बोट घातलं तर कोमटसुद्धा नाही. रात्री हेच केलं, पाणी गप्प. तीन दिवस तीन वेळा केलं, उष्णता आणि काटा वहीत लिहिला. नातवानं विचारलं, “आबा, हे तीनदा कशाला?” म्हणलं, एकदा झालं तर योगायोग असतो.

आता सांगा, ह्याला काय म्हणायचं? हेच एखाद्या कॉलेजात पांढरा डगला घालून केलं असतं तर त्याला प्रयोग म्हटलं असतं. केसिंगच्या तुकड्यात केलं म्हणून जुगाड.

त्या दिवसापासनं लाकूड वाळवायची रीत बदलली. तुकडा रोज तराजूवर ठेवायचा. उनात पत्र्यावर, मग मंद भट्टीत. दोन दिवस वजन घटलं नाही की तो वाळला. डोळ्यानं आणि हातानं वाळलेलं लाकूड ओळखतो असा माझा चाळीस वर्षांचा गर्व होता, तो तराजूनं उतरवला.

औषधाचं थोडक्यात सांगतो. पहिल्यांदा जवसाचं तेल वापरलं. रंगारी त्याला बेलतेल म्हणतात. ते हवा लागून वाळतं, पण आत हवा जाणार कुठनं? दोन महिन्यांनी मूठ मधोमध कापली तर आत तेल तसंच चिकट. उन्हात ती मूठ तेल सोडायची, बायकांचे हात माखायचे. वर पुसलेल्या चिंध्या पोत्यात कोंबून ठेवल्या होत्या, त्या आपोआप तापून धुमसायला लागल्या. जवस तेलाच्या चिंध्या पसरून वाळवाव्यात नाहीतर पाण्यात टाकाव्यात, नाहीतर घर जळेल. टाकणखार म्हणजे बोरॅक्स आणि बोरिक अॅसिड पाण्यात मिसळून भरलं, भुंग्यावर ते उत्तम. छपराचे वासे, बांबू यांना मी आजही तेच देतो. पण ते पावसानं धुऊन जातं आणि लाकडाला घट्टपणा देत नाही. शेवटी पुण्याहून पातळ रेझिन मागवलं, जे उष्णतेनं घट्ट होतं. महाग आहे. पण कामाचं हेच.

ह्यात एक गोष्ट लोकांना पटत नाही. हवा काढताना औषध आत शिरत नाही. तेव्हा फक्त हवा बाहेर येते. बुडबुडे थांबल्यावर पंप बंद करून हवा परत सोडली की तेव्हा बाहेरची हवा औषधाला लाकडात ढकलते. म्हणजे काम हवाच करते, मी फक्त तिच्यासाठी जागा रिकामी करतो. म्हणून घाई करायची नाही, जेवढा वेळ हवा काढली त्याच्या दुप्पट वेळ तसंच बुडवून ठेवायचं. मग निथळून, अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून ९०-९५ अंशाला भाजायचं. पहिल्यांदा मी हे घरच्या ओव्हनमध्ये केलं. वासानं दोन दिवस घरात स्वैपाक झाला नाही आणि ओव्हन माझ्यासकट शेडमध्ये गेला. ते योग्यच झालं. हे खाण्याच्या भांड्यांजवळ करायचं काम नाही.

पहिली मूठ ५२ ग्रॅमची होती, भाजून निघाली तेव्हा ९७. पाण्यात आठ दिवस ठेवली. पात्याची कडी सैल झाली नाही. बोटानं चेपणारं वडलांच्या आंब्याचं लाकूड आता करवतीला दाद देत नाही आणि त्या काळ्या रेघा तशाच वर आल्यात. मंडळी गेले चार हंगाम तेच खुरपं वापरतात, दुसऱ्या कुणाला देत नाहीत.

खोटं कशाला सांगू, तुमच्याकडं चांगल्या बाभळीचा गाभा असेल तर ह्यातलं काहीच करू नका. त्याला काही भरायची गरज नाही आणि भरूही शकत नाही, तो आधीच गच्च असतो. आणि हवा काढायचा तयार पंप बाजारात मिळतो, फ्रीज दुरुस्त करणारे तोच वापरतात. पैसे असतील तर तो घ्या, माझ्यापेक्षा चांगला चालेल. मी घरी केला कारण आधी पैसे नव्हते आणि नंतर नाद लागला. घरी केलेलं सगळं चांगलं असं म्हणणाऱ्यांतला मी नाही.

हा माझा शोधही नाही. १८३८ साली इंग्लंडात जॉन बेथेल नावाच्या माणसानं ह्याच रीतीचं पेटंट घेतलं. लोखंडी टाकीत लाकूड घालून आधी हवा काढायची, मग डांबराचं तेल दाबानं भरायचं. रेल्वेचे लाकडी स्लीपर असेच टिकवले. म्हणजे माझ्या शेडमध्ये जे चालतं ते जुनं, नावाजलेलं तंत्र आहे. मी ते लहान करून शिकलो. गवंडी भिंत बांधायला शिकतो तसं. त्याच्या भिंतीला कुणी जुगाड म्हणतं का?

प्रदर्शनात एक शिकलेले साहेब आले होते, शहरातले. काटा बघून म्हणाले, “काका, जुगाड भारी आहे, पण चांगला पंप २९ च्या वर जातो. तुमचा लीक आहे.” मी म्हणलं, “साहेब, २९.९ हा आकडा समुद्रकाठचा. इथं सगळीच्या सगळी हवा काढली तरी काटा २८ ला थांबणार. जेवढी हवाच नाही ती काढू कशी?” ते हसले. म्हणाले, “तुम्ही फार इंटरेस्टिंग आहात.” म्हणजे मी बरोबर की चूक, हे नाहीच. मी इंटरेस्टिंग. कुणी शिकलेल्या माणसानं हेच उत्तर दिलं असतं तर त्यांनी निदान वाद घातला असता. वाद घालणं हा मान असतो. कौतुक करून पुढं जाणं हा नव्हे.

माझं दुखणं माझ्यापुरतं नाही. आमच्या गावचे सुतारनाना बाभळीचं ताजं लाकूड ओढ्याच्या डोहात गाडून ठेवायचे, चार-सहा महिने. आम्हा पोरांना वाटायचं, म्हाताऱ्याला वेड लागलंय. आता कळतं, पाण्यात राहिल्यानं लाकडातलं पिठूळ सत्त्व निघून जातं, भुंग्याला खायला काही उरत नाही. नानांना पिठूळ सत्त्व हा शब्द माहीत नसेल, पण कुठलं लाकूड किती दिवस ठेवायचं हे माहीत होतं. बलुतं बंद झालं, नाना गेले, ते सगळं त्यांच्याबरोबर गेलं. कुणी विचारलं नाही, कुणी लिहिलं नाही. मीही विचारलं नाही, हे कबूल करतो. मी दहावी शिकलेला होतो ना, मला वाटायचं शास्त्र पुस्तकात असतं.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. शाळा तिसरीपर्यंत. १९८३ साली भाताच्या खाचरात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या त्यांना दिसल्या. त्या निवडल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षं निवडत राहिले आणि एचएमटी भात तयार झाला, तेव्हा लोकप्रिय असलेल्या घड्याळाच्या नावाचा. लाखो ताटांत तो भात गेला. दादाजी २०१८ साली गेले, तेही हलाखीत. निवडणं, पेरणं, पुन्हा निवडणं ह्याला शास्त्रात दुसरं काय म्हणतात? पण दीड एकरवाल्यानं केलं की ते नशीब, नाहीतर डोकॅलिटी.

काही मित्र म्हणतात, “जुगाड हा आता चांगला शब्द झालाय. मोठमोठे लोक त्यावर पुस्तकं लिहितात.” लिहू देत. मला त्यातली गोम कळते. शेतकऱ्याला जुगाड शोभतो असं एकदा ठरलं, की त्याला चांगलं अवजार, चांगली प्रयोगशाळा, चांगलं शिक्षण द्यायची गरजच संपली. तो काय, करतोच की कसंही! पोरांना शाळेत पंप दाखवायला नसला तरी चालतंय, त्यांच्या रक्तातच जुगाड आहे म्हणे. रक्तात काही नसतं. मला २२ चे २६ करायला एक नातू, एक पुस्तक, एक तराजू आणि ३५० रुपयांचा काटा लागला. त्या आठवीतल्या पोरीनं विचारलं होतं, “आजोबा, आत मेणबत्ती ठेवली तर?” मी म्हणलं, ठेवून बघू. मांडवात मेणबत्ती नव्हती. तिच्या शाळेत काटाही नाही, पंपही नाही, हे तिनंच सांगितलं.

यंदा पुन्हा प्रदर्शनाचं पत्र आलं. त्याच मांडवात जागा आहे, गाडीभाडं देतो म्हणाले. मी उत्तर धाडलं. पाटी बदला, ‘शेतकऱ्यांचे प्रयोग’ लिहा. शाल नको. त्याऐवजी एक फळा द्या, त्यावर मी वहीतले आकडे लिहीन, फसलेलेसुद्धा. आणि एक मेणबत्ती ठेवा. त्याला आता महिना झाला. उत्तर आलेलं नाही. कॉम्प्रेसरचं तेल पुन्हा पांढरं झालंय, ते उद्या बदलायचं आहे.